वखारींचे छप्पर आणि शिवारातील पाणी



वखार हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. राजापुरास इंग्रजांची वखार होती आणि 1661 साली शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे शाळकरी पोरासही ठाऊक असते. परंतु आज महामार्गालगत जी वखार जागा शोधीत आहे, तिचा घेर निराळा. 2017 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने साठवण व मालवाहतुकीच्या व्यवसायास पायाभूत क्षेत्राचा दर्जा दिला, तेव्हा त्यास पात्र ठरणाऱ्या वखारीची किमान मर्यादा ठरली 25 कोटी रुपयांची गुंतवणूक आणि 1 लाख चौरस फूट क्षेत्र. आपल्या मापाने हे सुमारे 92 गुंठे झाले. आणि ही लहानातली लहान!

एवढी मोठी वखार आताच का? पूर्वी परराज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर बसे. स्वतःच्याच तेथील वखारीत माल हलविला तर तो बसत नसे. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत लहान कोठारे राखीत. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हे कारण संपले. आता अनेक राज्यांस मिळून एक विशाल वखार पुरते. ती हमरस्त्यावर, स्वस्त जमिनीत, दोन-तीन राज्यांस सोयीची अशी हवी असते. सीमेवरील गावे या वर्णनात किती नेमकी बसतात, हे मी वेगळे सांगावयास नको.

भिवंडीकडे पाहा. मुंबईच्या जकातीबाहेर, परंतु मुंबईच्या दाराशी, म्हणून मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांची भातशेते पत्र्यांखाली गेली. परवानगी म्हणून पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायतीचा एक कागद. काही ठिकाणी तोही नव्हता. 2007 साली तेथील गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले, परंतु नकाशा पोहोचण्यापूर्वीच वखार पोहोचली होती. अनधिकृत गोदामे पाडावीत तर हजारोंची रोजी जाते. राखावीत तर कायद्याची थट्टा होते. रस्ते खेड्याच्या रुंदीचे आणि त्यांवर अवजड कंटेनर. गंमत अशी की, जिच्यासाठी ही धावाधाव झाली ती मुंबईची जकात 2017 साली रद्द झाली. भातशेते मात्र परत आली नाहीत.

मी वखारींचा वैरी नव्हे. हमालास, चालकास, कारकुनास तेथे काम मिळते. कोरडवाहू तुकड्याच्या धन्यास भाडे मिळते, आणि शेतीने ज्याला कधी दोन पैसे दिले नाहीत त्याने ते नाकारावे असे सांगण्याचा मला अधिकार नाही. प्रश्न जागेचा आहे. बेळगावचेच घ्या. शहापूर, वडगाव, येळ्ळूर येथील बासमतीची शिवारे बळ्ळारी नाल्याच्या आधाराने आहेत, आणि पावसाळ्यात तोच नाला फुगून उभे पीक बुडवितो. आता हिशेब करा. 1 लाख चौरस फुटांच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ लाख लिटरांहून अधिक पाणी होते. शेत त्यातले पुष्कळसे पोटात घेते; पत्रा थेंबही घेत नाही. ते सारे पाणी तासाभरात शेजाऱ्याच्या बांधावर येते. ज्याने जमीन विकली त्याचे भागले. ज्याने राखली तो बुडाला!

2020 साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती केली आणि बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यावरील जुना अटकाव दूर झाला. तेव्हा विक्रीच्या वेळी आडवे येणारे फारसे काही उरले नाही. उरला तो नियोजनाचा नकाशा. 1961 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याप्रमाणे तो प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागवावे लागते. ही मुदत आपण बहुधा दवंडी ऐकल्यासारखी ऐकून सोडतो. या खेपेस कचेरीत जाऊन नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधा. त्यावर कोणता रंग आहे, नाल्याची पूररेषा दाखविली आहे काय, छपराचे पाणी कोठे सोडणार, ट्रक उभे राहण्यास जागा राखली आहे की ते शाळेच्या रस्त्यावर उभे राहणार, हे विचारा. हरकत तोंडी नको. ती लेखी द्या, एका गावाने एकत्र सह्या करून द्या, आणि दिल्याची तारीख घातलेली पोच घेतल्याखेरीज कचेरीची पायरी उतरू नका.