स्वयंपाकघर बांधताना
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पीक विकून हाती चार पैसे आले की घराचे काम निघते. गोठा कुठे, ट्रॅक्टर कुठे उभा करायचा, याचा आपण बारकाईने विचार करतो. स्वयंपाकघर मात्र उरलेल्या कोपऱ्यात जाते आणि जिला तेथे रोज दोन्ही वेळा राबायचे, तिला कोणी माप विचारत नाही. तेव्हा गवंड्याने ओट्याची दोरी लावण्यापूर्वी घरातील गृहिणीला तेथे उभे करा.

तिने सरळ उभे राहून हात कोपरात वाकवावा. कोपरापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून त्यातून सुमारे 10 सें.मी. वजा करावेत, की ओट्याची उंची मिळाली. बहुतेक घरांत ती 80 ते 85 सें.मी.च्या आसपास येते. ओटा ठेंगणा झाला तर कंबर धरते, उंच झाला तर खांदे भरून येतात. शेजारच्या घराचे माप आणून बसविण्यात अर्थ नाही.

आता गॅसविषयी थोडे सविस्तर सांगतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर न जाता जमिनीलगत साचतो. त्यामुळे छताजवळच्या झरोक्यावर विसंबू नये. टाकीजवळ, जमिनीलगत भिंतीत जाळी बसवून ती बाहेर मोकळ्यावर उघडावी. टाकी नेहमी उभी ठेवावी आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर असावी. नळी आय.एस.आय. चिन्हाची घ्यावी, भिंतीतून आरपार नेऊ नये. वास आला तर शेगडी व रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण दाबू नये. चालू करू नये, तसेच बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवावे.

पण आपल्या घरांतील खरी अडचण वेगळीच आहे. गॅस आला तरी चूल गेलेली नाही. पऱ्हाट्या, तुराट्या घरच्याच. शिवाय भाकरी चुलीवरचीच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही! मात्र एकाच खोलीत पेटती चूल आणि गॅसची टाकी नको. चुलीला परसदारी वेगळी पडवी काढावी. तिचे धुराडे छपराच्या वर न्यावे आणि समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो तेवढेच नाही, तो छातीत उतरतो. जवळ बसलेल्या लेकरांच्याही. सरपण चुलीपासून दूर रचावे.

मिक्सरचे प्लग मोरीच्या नळापासून लांब घ्यावेत. अर्थिंग तपासून घ्यावे.

आणखी एक गोष्ट पुरुष मंडळींसाठी. फवारणीचे उरलेले औषध स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवू नका. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते अत्यंत विषारी समजावे. रिकामा डबा धुऊन तेलाला किंवा डाळीला वापरण्याची चालही बंद करा. धान्याच्या कोठीत टाकण्याच्या विषारी गोळ्याही तशाच. त्यांतून निघणारा वायू माणसे निजतात त्या खोलीत जीव घेतो. औषधांसाठी घराबाहेर कुलपाचे कपाट करावे आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.