उद्योगाची पहिली पाच वर्षे



नवा धंदा काढू पाहणाऱ्या तरुणास पहिला उपदेश मिळतो तो 'दहांतले नऊ बुडतात' हा. हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या दीर्घकालीन नोंदींनुसार नव्या आस्थापनांपैकी पहिल्या वर्षी सुमारे एक पंचमांश बंद पडतात. पाच वर्षांअखेर सुमारे निम्म्या टिकून असतात. जो जितका टिकला, तितका त्याचा पुढील धोका कमी होतो. म्हणजे खरा प्रश्न आरंभीची वर्षे निभावण्याचा आहे.

त्याचे उत्तर म्हसवडच्याच भूमीत आहे. माणदेश म्हणजे अवर्षणाचा मुलूख. येथे लोहारकाम करणाऱ्या एका भगिनीस पावसाळ्यापूर्वी ताडपत्रीपुरती बचत करावयाची होती. परंतु तिचे खाते उघडण्यास बँक तयार होईना. त्यातून चेतना गाला-सिन्हा यांनी महिलांच्या बँकेचा ध्यास घेतला. प्रवर्तक भगिनी निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या खचल्या नाहीत. अक्षरे गिरवली आणि पुन्हा गेल्या. 'कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो,' असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

दुसरे उदाहरण गलाई बांधवांचे. विटा, आटपाडी, माण या दुष्काळी टापूतील माणसे सोने-चांदी शुद्ध करण्याचा व्यवसाय घेऊन देशभर पसरली. गावाकडचा मुलगा आधी आप्ताच्या दुकानी काम शिकतो, गिऱ्हाईक ओळखतो, मग स्वतःची पेढी मांडतो. धंद्यातील पहिल्या चुका त्याच्या हातून वडीलधाऱ्यांच्या छत्राखाली होतात.

भांडवलाची सोय आज पूर्वीपेक्षा सुलभ आहे. 8 एप्रिल 2015 रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते. तथापि कर्जाने दुकान उघडते. ते चालते रोख हिशेबावर. घरखर्च आणि गल्ला एक झाला, की नफ्यातला धंदाही गुदमरतो. उधारी थकली, की माल भरण्यास पैसा उरत नाही.

येथे समाजाचे कर्तव्य सुरू होते. ओळखीच्या नव्या दुकानदाराकडे हक्काने उधारी मागणे ही आत्मीयता नव्हे. त्याच्याकडून माल घ्यावा, दाम वेळेवर चुकते करावे आणि धंदा बसलाच, तर त्या घराला नावे ठेवू नयेत. स्वदेशीचे व्रत शेजारच्या दुकानापासून सुरू होते.