वहीवरच्या तांबड्या रेघा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. माहेर लातूरकडचे, सासर नांदेडचे. संध्याकाळी गल्लीतली चार-पाच लेकरे माझ्या ओसरीवर निबंध दाखवायला येतात. त्यांच्यापायी मीच काय शिकले, तेवढे सांगते.

गेल्या दिवाळीनंतर एका मुलीने 'माझी आई' हा निबंध आणला. 'आई कापूस वेचायली, तिच्या बोटांना बोंडं टोचायली,' असे त्यात होते. मी तांबडी पेन्सिल घेऊन 'वेचायली' खोडले, 'वेचत आहे' केले. पानभर रेघा ओढल्या. मुलगी मुकाट्याने वही घेऊन गेली. पुढच्या खेपेस तिने गाईडातला निबंध उतरवून आणला. त्यात एकही चूक नव्हती, आणि तिची आईही नव्हती. त्या रात्री मला घास गोड लागला नाही.

१८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. पुण्यात फुले पतिपत्नींच्या शाळेत शिकणारी ही मुलगी अवघी चौदा वर्षांची. मांग-महारांचे दुःख तिने लिहिले. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हेही लिहिले. असे वाक्य गाईडात कोठून मिळणार? जे भोगले, पाहिले, तेच तिने मांडले. लेकराचे असे पाहिलेलेच आपण खोडले, तर उरते काय?

म्हणून आता माझी रीत बदलली. आधी लेकराला मोठ्याने वाचायला सांगते. वाचता वाचता कितीतरी चुका त्याच्या त्यालाच सापडतात. नुसते 'छान' म्हणत नाही. आवडलेल्या वाक्यावर बोट ठेवते. मग एखादा प्रश्न विचारते. शेवटी दोनच चुका दाखवते, आणि त्याही त्यानेच सुधारायच्या. 'वेचायली' ही आपली घरची बोली, ती चूक नव्हे. परीक्षेत मात्र 'वेचत आहे' लिहावे, इतकेच सांगते.

त्या मुलीच्या घरी मी स्वतः गेले. म्हटले, "बाई, माझे चुकले. तो आधीचा निबंध वाचून दाखव."

"मावशी, ते पान मी फाडलं."

मी जरा थांबून विचारले, "बरं, बोटं टोचल्यावर आई काय लावते गं?"

ती सांगू लागली. पुष्कळ वेळ सांगत होती. मी म्हटले, "हेच लिही."