उन्हात गडद होणारा सुरक्षा चष्मा

उन्हात आपोआप गडद होणाऱ्या आणि सावलीत उजळणाऱ्या भिंगांना फोटोक्रोमिक भिंगे म्हणतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे भिंगातील रंगद्रव्याची रचना बदलते आणि ते काळवंडते. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रातून कुटार उडत असते, उन्हातून गोदामात सतत ये-जा चालते. अशा कामाला या भिंगांचा सुरक्षा चष्मा खरोखर सोयीचा. भिंग गडद व्हायला मिनिटभर पुरते, उजळायला मात्र काही मिनिटे लागतात. अंधाऱ्या गोदामात शिरताना तेवढे थांबावेच. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात उष्णतेमुळे भिंग कमी गडद होते. ट्रकच्या पुढच्या काचेआड तर जवळजवळ होतच नाही, कारण ती काच अतिनील किरण अडवते.

घेताना रंगापेक्षा मजबुती आधी पाहावी: पॉलिकार्बोनेटची भिंगे, दोन्ही बाजूंना आडोसा, आयएस ५९८३ या भारतीय मानकाचा उल्लेख. वेल्डिंगला हा चष्मा मुळीच चालत नाही. फवारणीलाही चेहऱ्यावर घट्ट बसणारा बंद गॉगलच हवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांना इजा झाली.