शिलाई मशीन ते रोजगार : पंचायतीच्या निधीला दिशा हवी

(नांदगाव पेठ परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या शिबिरात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी एक बाब अशी असते की जिच्यावर फारशी चर्चा होत नाही. रस्ता, गटार, पाण्याची टाकी यांवर सभा रंगते. परंतु महिला व बालकल्याणाची रक्कम आली की कोणी तरी ‘शिलाई मशीन वाटू या’ असे सुचवतो, सर्व जण मान डोलावतात आणि पुढचा विषय निघतो. आज मी याच बाबीविषयी बोलणार आहे. नांदगाव पेठेच्या वेशीवर वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र उभे राहत असताना ही छोटी रक्कम आपण कशी खर्च करतो, यावर या परिसरातील अनेक लेकीबाळींचा रोजगार अवलंबून राहणार आहे.

कापूस येथला, कापड परगावचे

वऱ्हाडाचे आणि कापसाचे नाते जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढे रेल्वे आली, खामगाव आणि अमरावतीच्या कापूसबाजारांचे नाव दूरवर गेले, गावोगावी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. बडनेरा, अकोला, अचलपूर येथे कापडगिरण्याही निघाल्या. तरी या प्रदेशातून बाहेर गेला तो प्रामुख्याने रुईचा गठ्ठा. १९७२ साली राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली, तेव्हा शेतकऱ्याच्या पदरात भाव पडावा हा हेतू होता. पण कापसाचे कापड आणि कापडाचा सदरा होण्यात जी मजुरी असते, ती बहुतांशी परगावीच मिळत राहिली. गिरण्यांचाही भरवसा राहिला नाही. अचलपूरची फिनले गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा एका मोठ्या कारखान्यावर सारे गाव विसंबले की काय होते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

या पार्श्वभूमीवर नांदगाव पेठेच्या औद्योगिक क्षेत्राकडे पाहिले पाहिजे. येथे वस्त्रोद्योगातील काही कारखाने यापूर्वीच आले आहेत. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘पीएम मित्र’ या वस्त्रोद्योग उद्यानांच्या योजनेस मान्यता दिली. ४,४४५ कोटी रुपयांच्या या योजनेतून देशात सात उद्याने व्हावयाची असून, मार्च २०२३ मध्ये त्यांची स्थळे जाहीर झाली तेव्हा महाराष्ट्रातून अमरावतीची निवड झाली. सुमारे एक हजार एकरांवरील या उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील समारंभातून करण्यात आली. प्रत्येक उद्यानातून सुमारे एक लाख प्रत्यक्ष व दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार निर्माण व्हावेत, अशी योजनेची अपेक्षा आहे.

अपेक्षा आणि नेमणूकपत्र यांत अंतर असते. कापसापासून कपड्यापर्यंतच्या साखळीत सूतकताईला भांडवल फार लागते आणि माणसे कमी. सर्वांत अधिक हात लागतात ते तयार कपड्यांच्या शिलाईला. आपल्या गावातील स्त्रियांसाठी दार उघडेल ते मुख्यत्वे येथेच. परंतु कारखानदाराला कुशल हात हवे असतात. ते गावात नसतील तर तो ते बाहेरून आणतो. अशा वेळी ज्यांच्या शेताशेजारी कारखाना उभा राहिला, त्यांच्या वाट्याला फाटकावरची राखण आणि आवारातील झाडलोट एवढेच येते. हे टाळावयाचे असेल तर तयारी कारखाना सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे.

पंचायतीजवळ पैसा कोणता?

‘आमच्याजवळ पैसा कोठे आहे?’ असा प्रश्न सदस्य विचारतात आणि तो रास्त आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांची यादी राज्यघटनेत घातली. लघुउद्योग, खादी व ग्रामोद्योग, तांत्रिक प्रशिक्षण व व्यवसायशिक्षण, महिला व बालविकास हे चारही विषय त्या यादीत आहेत. म्हणजे शिवणकामाचे प्रशिक्षण हा पंचायतीचा अधिकृत विषय आहे.

निधीची वाटही आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, असा शासनाचा दंडक आहे. जिल्हा परिषदेलाही स्वनिधीतून अशीच तरतूद करावी लागते. तिच्या महिला व बालकल्याण समितीच्या योजनांत प्रशिक्षण व सक्षमीकरणाचा एक गट आहे आणि वस्तुवाटपाचा दुसरा. मागासवर्गीयांसाठी व दिव्यांगांसाठी राखीव हिस्सा वेगळा. औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या पंचायतीला कारखान्यांकडून कराचे उत्पन्न मिळते, आणि कर वाढला की त्याचा दहावा भागही वाढतो. कारखान्याकडून आलेल्या रुपयातले दहा पैसे गावातील स्त्रीला त्याच कारखान्यात काम करण्यास समर्थ करण्यासाठी खर्च व्हावेत, याहून सरळ व्यवहार कोणता?

मशीनवाटपाचा हिशेब

आता ही रक्कम खर्च कशी होते ते पाहू. समजा, एखाद्या पंचायतीच्या वाट्याला या बाबीखाली दोन लाख रुपये आले. एका घरगुती शिलाई मशीनला आठ हजार रुपये धरले तर २५ मशीन येतात. पंचवीस कुटुंबांना वस्तू मिळते, छायाचित्र निघते, खर्च शंभर टक्के होतो. परंतु एकाच गावात पंचवीस शिंपिणींना पुरेल एवढे काम कोठून येणार? ब्लाउज आणि परकर शिवून घेणारी घरे तीच असतात. परिणामी काही मशीन चालतात, काही सणापुरती उघडतात आणि काहींवर कपड्यांची चवड बसते. दोष त्या भगिनींचा नाही. मशीन दिली गेली, पण काम दिले गेले नाही.

तेच दोन लाख दुसऱ्या रीतीने खर्च करता येतात. एका औद्योगिक शिलाई मशीनला ओव्हरलॉकसह सरासरी २५ हजार रुपये धरले, तर समाजमंदिरात किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीत आठ मशीनचे केंद्र उभे राहते. सकाळ-संध्याकाळ दोन तुकड्या, तीन महिन्यांचा एक वर्ग, असे धरल्यास वर्षाला ६४ स्त्रिया शिकून बाहेर पडतात. दुसऱ्या वर्षी मशीन घ्यावयाच्या नसतात. तेव्हा तीच रक्कम निदेशकाचे मानधन, वीज आणि कापड यांवर खर्च करता येते. प्रत्यक्ष दर आणि खरेदीचे नियम गटविकास अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावेत. एकट्या पंचायतीला हे झेपत नसेल तर शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून करावे.

कारखान्यातील शिलाई निराळी

घरी शिवता येते म्हणजे कारखान्यात काम मिळेल, ही समजूत सर्वत्र आढळते. घरी एकच बाई माप घेते, कापते, शिवते, काजे-बटण करते. कारखान्यात एकीकडे कॉलर होते, दुसरीकडे बाही, तिसरीकडे खिसा. औद्योगिक मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकते. पायमशीनची सवय असलेल्या हाताला तो वेग सांभाळणे प्रथम अवघड जाते. ठरलेल्या वेळेत ठरलेले नग, प्रत्येक नग सारखा, सुईपासून बोटांचे रक्षण आणि आठ तासांची बैठक, या गोष्टी शिकवाव्या लागतात. म्हणून केंद्राचा अभ्यासक्रम ठरविताना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक आणि येथील कारखान्यातील पर्यवेक्षक या दोघांना पंचायतीने बोलवावे. ‘तुम्हाला कोणते काम येणारी माणसे हवीत?’ हा प्रश्न आधी विचारला तर नंतरची निराशा टळते.

शासनाच्या योजनाही आहेत. त्यांतला फरक मात्र समजून घ्यावा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने ‘समर्थ’ ही योजना नोकरीसाठी आखली; नव्याने शिकणाऱ्यांपैकी किमान ७० टक्क्यांना काम मिळवून देण्याची अट तिने प्रशिक्षण संस्थेवर घातली. बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत प्रशिक्षण देतात. त्यांचा रोख स्वतःच्या व्यवसायाकडे असतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना शिंप्यासह १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. तीत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य यांची सोय असून अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. तेव्हा गावात आधीपासून शिवणकाम करणाऱ्यास विश्वकर्माकडे, दुकान काढू इच्छिणारीस स्वयंरोजगार संस्थेकडे आणि नोकरी हवी असणारीस कारखान्याशी जोडलेल्या प्रशिक्षणाकडे पाठवावे. एकच अर्ज सर्वांच्या हाती देऊ नये.

उंबरठा ते कारखाना

प्रशिक्षण झाले तरी प्रश्न सुटत नाही. कामावर जाणाऱ्या स्त्रीची वाट घराच्या उंबरठ्यावरच अडते. पहिली अडचण प्रवासाची. मार्च २०२३ पासून एस.टी.च्या भाड्यात महिलांना निम्मी सवलत मिळाली. परंतु पाळीच्या वेळेला गाडीच नसेल तर सवलत कोरडी राहते. वेळ बदलून मिळण्यासाठी ग्रामसभेचा ठराव आगारप्रमुखांकडे पाठविण्यास पंचायतीला एक रुपयाही लागत नाही. दुसरी अडचण लहान मुलांची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची जबाबदारी टाकली होती. आपल्या प्रशिक्षण केंद्रात दोन सतरंज्या, एक पाळणा आणि एक सेविका एवढी सोय आपणही करू शकतो.

तिसरी गोष्ट हंगामाची. दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की वऱ्हाडातील बायांना घरी बसता येत नाही. वेचणीची रोजी बुडवून कोणी वर्गाला येणार नाही आणि हजेरीपटावर मात्र ‘लाभार्थी उदासीन’ असा शेरा पडतो. वर्ग वेचणी आटोपल्यावर ठेवावेत किंवा संध्याकाळी भरवावेत. बारामतीच्या हाय-टेक टेक्सटाइल पार्कमध्ये आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांनी मोठ्या संख्येने शिलाईचे काम पत्करले. ग्रामीण स्त्री कारखान्यात रमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

शिक्षकांसाठी एक विषय

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांना मी गणवेशाची आठवण देतो. समग्र शिक्षा योजनेतून पात्र विद्यार्थ्यास दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपयांची तरतूद आहे. २०२४-२५ मध्ये राज्याने कापडाची खरेदी एकत्रित करून शिलाई महिला बचत गटांकडे दिली. हेतू चांगला होता. परंतु कापड उशिरा पोहोचले, मापे चुकली आणि अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन उजाडला तरी गणवेश हाती आले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलून २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले.

यातून दोन गोष्टी शिकता येतात. बचत गटांना काम मिळू शकते, ही एक. आणि माप घेणारी व शिवणारी व्यक्ती मुलांच्या जवळ असली पाहिजे, ही दुसरी. समितीने दर आणि दर्जा पाहून, नियमाप्रमाणे, गावच्या केंद्रात शिकलेल्या गटास हे काम दिले तर त्या गटाचा हात सफाईदार होईल. ज्यांना घर सोडून कारखान्यात जाणे शक्य नाही, त्यांनाही मजुरी मिळेल. मात्र उधारी नको. काम पूर्ण झाल्यावर पैसे वेळेवर मिळाले नाहीत तर गट एका हंगामातच मोडतो.

नोंदवही ठेवा

शेवटी एक विनंती. आपल्या दप्तरात ‘लाभार्थी संख्या’ हा रकाना असतो, आणि आमच्या खात्यालाही वृत्त देताना तोच आकडा हाती येतो. त्याच्या शेजारी आणखी तीन रकाने आखावेत : प्रशिक्षण पूर्ण केले किती जणींनी, सहा महिन्यांनंतर कामावर किती, आणि काम सोडले असल्यास कारण काय. हे आकडे ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत मोठ्याने वाचून दाखवावेत. कारणांच्या रकान्यात ‘गाडी नाही’ असे दहादा आले तर पुढच्या वर्षीचा ठराव कोणता करावयाचा, हे कोणी सांगावे लागणार नाही.

पन्नास टक्के जागा स्त्रियांसाठी राखण्याचा कायदा राज्याने २०११ मध्ये केला. ज्या भगिनी आज सदस्य म्हणून येथे बसल्या आहेत, त्यांना मशीनवर धूळ का बसते हे कोणत्याही अहवालावाचून ठाऊक आहे. येत्या अंदाजपत्रकात ही बाब वाचली जाईल तेव्हा त्यांनी मान डोलावू नये. उभे राहून विचारावे : ‘या पैशातून वर्षाअखेर किती जणींना पगार मिळेल?’ त्या प्रश्नाचे लेखी उत्तर देण्यास सर्व खात्यांनी आणि सर्व पंचायतींनी सिद्ध असावे, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.