झाडांचा स्लायडर

आज जे सांगणार आहे ते ऐकून झालं की फोनवर स्वतः करून बघा, नुसतं ऐकण्यात मजा नाही.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हरितगृह परिणाम मी वर्षानुवर्षं फळ्यावरच शिकवला. सूर्य, पृथ्वी, येणारे बाण, जाणारे बाण. पोरं आकृती झकास काढायची. एकदा एकीने विचारलं, "मॅडम, हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के. मग एवढासा वायू उष्णता कशी अडवतो?" मी पुस्तकातलंच वाक्य पुन्हा म्हटलं. ते काही उत्तर नव्हतं.

मग फेट सापडलं. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प, अगदी फुकट. त्यात रेणूंवर प्रकाश सोडून बघता येतं. इन्फ्रारेड निवडा, समोर नायट्रोजन ठेवा, किरण सरळ आरपार. ऑक्सिजनचंही तेच. कार्बन डायऑक्साइड ठेवला की रेणू थरथरतो, किरण गिळतो आणि मग भलत्याच दिशेला सोडून देतो. म्हणजे हवेतला बहुतेक भाग या उष्णतेच्या वाटेत येतच नाही. जे थोडे वायू येतात, त्यांनीच सगळा फरक पडतो. त्या मुलीला पाच मिनिटांत कळलं. खरं सांगू? मलाही तेव्हाच नीट कळलं.

पण खरी गंमत एन-रोड्सवर झाली. क्लायमेट इंटरॅक्टिव्ह आणि एमआयटी स्लोन यांचं हे मॉडेल. कोळसा, वाहतूक, मिथेन, झाडं, असे स्लायडर असतात. सरकवले की २१०० सालचं तापमान कोपऱ्यात बदलतं. काहीच सरकवलं नाही तर वाढ ३ अंशांच्या वर जाते. आम्ही ते इंग्रजीतच उघडलं, म्हणून एकाने शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून ठेवले.

आमच्या शाळेत दर पावसाळ्यात झाडं लावतात. त्यात सगळ्यात पुढे असणारा मुलगा उठला आणि त्याने झाडांचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला. आकडा जेमतेम हलला. त्याने परत ओढून बघितला. वर्ग हसला. दुसऱ्याने कार्बनवर जबर किंमत लावली, तर आकडा चांगलाच खाली आला.

"मॅडम, मग आम्ही तीन वर्षं खड्डे कशाला खणले?"

"तसं नाही रे, खूप उपयोग होतो," असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. नाही म्हटलं. कारण शोधायला लावलं. झाड वाढायला दशकं लागतात, जमीन प्रचंड लागते आणि तोवर धुराडी चालूच. एक मुलगी म्हणाली, गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. वरून नळ पूर्ण सोडलाय आणि खाली छोटंसं भोक. भोक थोडं मोठं केलं तरी टाकी भरतच राहणार. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० होते, आज ४२० च्या वर आहेत. टाकी एवढी भरलीय.

एक सांगते, हे मॉडेल म्हणजे भविष्यवाणी नव्हे. ते सगळ्या जगाचा हिशोब करतं, तुमच्या गावच्या पावसाबद्दल काहीच बोलत नाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

तो मुलगा महिनाभर माझ्याशी तुटक बोलायचा. यंदा पाऊस पडला तेव्हा त्याने पुन्हा खड्डे खणले, पण पश्चिमेच्या भिंतीलगत, जिथून दुपारचं ऊन वर्गात येतं. बोर्डावर दरवर्षी 'पृथ्वी वाचवा' असतं. यंदा त्याने लिहिलं, 'दहावी ब च्या सावलीसाठी'.

तुम्ही आधी कुठला स्लायडर ओढलात, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.