बदलाचा भार कोणाच्या शिरावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे सांगताना गावाच्या नावाबरोबर 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' हेही सांगितले जाते. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि खुद्द बुलढाणा हे तालुके घाटावर. खामगाव, शेगाव, मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली. ही विभागणी निसर्गाने केली. परंतु कामाच्या ठिकाणीही असाच एक घाट असतो, आणि तो माणसांनी उभा केलेला असतो. बदलाचा निर्णय घाटावर होतो. तो अंगावर घेणारी माणसे घाटाखाली असतात. आजचा विषय आहे तो या घाटाचा.

या जिल्ह्याला बदल नवा नाही. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला तो कापसासाठी. पाठोपाठ सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले. व्यापार वाढला, बाजारपेठ नावारूपाला आली. वऱ्हाडातील घरोघरी हाताने सरकी काढणाऱ्या स्त्रियांचा रोजगार मात्र यंत्राने गिळला. किती गाठी मुंबईला गेल्या याचा हिशेब ठेवला गेला. किती हात रिकामे झाले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. बदल चांगला की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. बदलाचा खर्च कोण भरतो आणि तो भरणाऱ्याला आधी विचारले होते काय, हा खरा प्रश्न होय.

हा प्रश्न आज सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो अंगणवाडीत. अंगणवाडी हे शाळेच्या कोपऱ्यातले एखादे धर्मादाय काम आहे अशी समजूत कार्यकर्त्यांतही आढळते. वस्तुतः ते एक कामाचे ठिकाण आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पहिल्या ३३ प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील धारणीचा समावेश होता. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. सेविका, मदतनीस, त्यांच्यावर वीस-पंचवीस केंद्रे सांभाळणारी पर्यवेक्षिका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी अशी ही रचना; बाजूला आरोग्य खात्याची परिचारिका आणि आशा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पूर्वप्राथमिक शिक्षण ही कामे या स्त्रिया मिळून करतात. एखाद्या कारखान्यातील पाळीइतकाच परस्परांवर अवलंबून असलेला हा गट आहे.

या गटाच्या कामात गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला. २०१८ च्या मार्चमध्ये पोषण अभियान सुरू झाले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना मोबाईल देण्यात आले. आधीचे ॲप २०२० मध्ये बंद पडले आणि १ मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले. ते इंग्रजीत होते. ज्या सेविकेने वीस वर्षे मराठीत नोंदवह्या लिहिल्या, तिने आता इंग्रजी रकाने भरावयाचे होते. दिलेल्या मोबाईलची क्षमता नव्या ॲपला पुरत नव्हती. तो तापे, अडे, बंद पडे. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या पदरातून जाई. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे मोबाईल शासनाला परत केले. प्रकल्प कार्यालयांत यंत्रांचे ढीग लागले.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. 'बायकांना नवे तंत्र नको असते' असा सोयीचा अर्थ काहींनी लावला. तो सपशेल चुकीचा आहे. सेविकांची मागणी काय होती? चांगला मोबाईल द्या आणि ॲप मराठीत द्या. ही बदलाला विरोध करणाऱ्यांची मागणी नव्हे. बदल नीट व्हावा असे वाटणाऱ्यांची मागणी आहे. पुढे हे ॲप मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. म्हणजे जे सेविका सांगत होत्या ते करता येण्याजोगे होते. ते आधीच विचारले असते तर वेळ, पैसा आणि मनःस्ताप हे तिन्ही वाचले असते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कुपोषित बालक केवळ आकड्यात नव्हे, नावानिशी कळावे, ही अपेक्षा रास्त आहे. नोंदवहीतील वजने खोलीत बसून भरता येतात हे कोणाला ठाऊक नाही? आई-बाप कामासाठी परजिल्ह्यात गेले की मूल नोंदीतून नाहीसे होते. नव्या पद्धतीत त्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे देता येते. ही लहान गोष्ट नव्हे. यंत्राला सरसकट नकार देणारी भूमिका श्रमिकांच्याही हिताची नाही आणि त्या बालकाच्याही.

मग चुकते कोठे? अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. ज्या वस्तूला किंमत नसते तिची उधळपट्टी होते. कारखान्यात नवे यंत्र आणायचे तर मालक हिशेब करतो: शिकण्यात किती दिवस जातील, तोवर उत्पादन किती घटेल, जादा वेळेचे किती द्यावे लागेल. हा हिशेबच त्याच्या उतावळेपणाला लगाम घालतो. अंगणवाडी सेविका मात्र कायद्याच्या लेखी 'मानसेवी' आहे. तिला वेतन नाही, मानधन आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचे पद हे राज्याचे नागरी पद नाही असा निर्णय दिला. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे मान्य व्हायला एप्रिल २०२२ उजाडावा लागला. तिच्या कामाच्या तासाला किंमत नसल्यामुळे तिच्यावर लादलेल्या बदलालाही किंमत नाही. म्हणून एकापाठोपाठ एक आदेश काढताना वरच्या कार्यालयाला काहीच खर्च येत नाही. जिथे श्रम फुकट, तिथे बदलाला लगाम नाही.

हा न दिसणारा खर्च चार प्रकारचा असतो. पहिला, शिकण्याच्या वेळेचा. दुसरा, साधनाचा: यंत्र, दुरुस्ती, रिचार्ज. तिसरा, दुहेरी कामाचा. नवे ॲप सुरू होते, पण जुनी वही बंद झाल्याचा आदेश येत नाही, म्हणून तीच माहिती दोनदा भरावी लागते. चौथा खर्च सर्वांत जड, तो चुकीच्या जबाबदारीचा. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा यंत्राने पडताळण्याची सक्ती झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या आदिवासी पाड्यावर चेहरा जुळला नाही, किंवा जाळेच मिळाले नाही, तर त्या मातेला उत्तर कोण देणार? आदेश काढणारा अधिकारी तिथे उभा नसतो. उभी असते ती सेविका, जी त्याच गावात राहते आणि उद्याही त्याच मातेच्या दारी जाणार असते.

यावर उपाय काय, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये पन्नासच्या दशकाच्या आरंभी स्वयंचलित माग बसविले गेले. कामाचे मोजमाप शास्त्रशुद्ध केले होते, तरीही उत्पादन अपेक्षेप्रमाणे होईना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी तेथे पाहणी केली. २२४ माग, २९ कामगार आणि बारा प्रकारची सुटी-सुटी कामे, असे चित्र त्यांना दिसले. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरता. ठराविक मागांची जबाबदारी मिळून घेणारा एकही गट नव्हता. लहान गटांकडे ठराविक माग सोपवावेत, ही कल्पना पुढे येताच कामगारांनी ती उचलून धरली आणि आपले गट आपणच बांधले. आरंभीच्या अडचणी ओसरल्यावर उत्पादन वाढले, कापडातील खराबी घटली. यंत्रे तीच होती, माणसेही तीच होती. बदल कसा अंगीकारावा हे ठरविण्याचा अधिकार तेवढा खाली आला होता.

कायद्यालाही हे तत्त्व अपरिचित नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ठराविक सेवाशर्ती बदलण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची नोटीस देण्याचे बंधन होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही अशा नोटिशीची तरतूद आली. स्वीडनने १९७६ च्या कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले: महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी मालकाने स्वतःहून संघटनेशी वाटाघाटी केल्या पाहिजेत. आपल्याकडील बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा इतिहासही बोलका आहे. संगणकाला दीर्घकाळ विरोध केल्यानंतर १९८३ मध्ये त्यांनी यांत्रिकीकरणाबाबत करार केला आणि नवे तंत्र कोणत्या अटींवर येईल हे वाटाघाटीच्या टेबलावर आणले. 'यंत्र नको' ही घोषणा देणे सोपे. 'यंत्र कोणत्या अटींवर' हा प्रश्न धसास लावणे कठीण. संघटनेच्या नेतृत्वाची कसोटी दुसऱ्या कामात लागते.

आता गटाच्या आतील नेतृत्वाकडे वळू. पर्यवेक्षिकेची जागा अवघड असते. वरून आदेश येतो, खालून तक्रार येते. आदेश जसाच्या तसा खाली पोचविणे आणि 'वरून आले आहे' म्हणून हात झटकणे, हा एक मार्ग. मासिक सभेत आधी अडचणी ऐकणे, ज्या सेविकेला ॲप लवकर जमले तिला इतरांना शिकवू देणे, ज्या मदतनीसाचा हात हिशेबात चांगला तिला वजनाच्या नोंदीत सामावून घेणे, कोणती वही आजपासून बंद हे लेखी मागून घेणे आणि जे शक्य नाही ते शक्य नाही असे स्वतःच्या सहीने वर कळविणे, हा दुसरा. पहिली निरोप्या असते, दुसरी नेता. आदेश खाली नेण्याला अधिकार पुरतो; अडचण वर नेण्याला धैर्य लागते. मात्र व्यक्तीच्या धैर्यावर व्यवस्था चालविता येत नाही. अडचण वर नेणाऱ्या पर्यवेक्षिकेला नोटीस आणि गप्प बसणारीला शाबासकी मिळत असेल, तर दोष पर्यवेक्षिकेच्या स्वभावाचा नव्हे, रचनेचा आहे.

४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि ५२ दिवस टिकल्या. त्याच वर्षी सेविकांचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १० हजार आणि मदतनीसांचे ४,४२५ वरून ५,५०० झाले होते. तेवढ्यावर घर चालत नाही, हे सांगण्यासाठी तो संप होता. पुढे काही वाढ झाली. पण मानधनाची लढाई आणि कामातील बदलाची लढाई या दोन वेगळ्या लढाया नव्हेत, हे कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावयास हवे. श्रमाला योग्य किंमत मिळाली की आदेश काढणाऱ्याला प्रत्येक आदेशाचा हिशेब करावा लागेल. वेतन हा केवळ पोटाचा प्रश्न नाही; कामावर आपला शब्द चालण्याचाही तो पाया आहे.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना एक माप आणि स्त्रियांना दुसरे, या दुटप्पीपणावर बोट ठेवले. अंगणवाडीचे काम स्त्रिया करतात म्हणून ते 'सेवा' ठरते आणि सेवेला दर नसतो, हा त्याच दुटप्पीपणाचा आजचा अवतार आहे.

तेव्हा मागण्या तीन असाव्यात. बदलाचा आदेश निघण्यापूर्वी सेविकांच्या संघटनांशी चर्चा आणि पुरेशी पूर्वसूचना. बदलाच्या खर्चाची, शिकण्याच्या वेळेसह, अंदाजपत्रकात तरतूद. आणि नवे काम सुरू होताना कोणते जुने काम बंद होणार याचा लेखी आदेश. यांत क्रांतिकारक असे काही नाही. हा केवळ न्याय्य कारभार आहे.

शेवटी एक बोल घरच्यांसाठी. पक्षाची परिपत्रकेही वरून खाली येतात. सभासद नोंदणीची पद्धत बदलते, कार्यक्रम ठरतो, मोर्चाची तारीख ठरते. तालुक्याच्या कार्यकर्त्याला ते कळविले जाते, विचारले जात नाही. जे शासनाकडे मागावयाचे ते आधी आपल्या कार्यालयात आचरावे लागेल. पुढच्या वेळी एखाद्या अंगणवाडीत जाल तेव्हा पटावर मुले किती, हा प्रश्न जरूर विचारा. त्याआधी सेविकेला विचारा: आज मोबाईलमध्ये किती वेळ गेला, रिचार्जचे पैसे कोणी भरले, आणि हे सारे सुरू करताना तुम्हाला कोणी काही विचारले होते काय? उत्तरे लिहून घ्या आणि ती घेऊन घाट चढा.